नर्सबाईंचा हाउएव्हर

नर्सबाई आमच्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागल्या तेव्हा माझी मुलगी सात महिन्यांची होती. ती जगात आली तीही त्यांच्याच हातांनी. शिरपूरच्या सरकारी दवाखान्यात मला दीड दिवस कळा आल्या, डॉक्टर वाशिमला मीटिंगला गेलेले, आणि मूल बाहेर आलं ते निळं, मुकं. बाईंनी तिचे पाय धरून तिला उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडातला चिकटा बोटाने काढला. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग ती रडली. पुढे मी या बाईशी जे वागले ते सांगायचं आहे, म्हणून हे आधी सांगून टाकते.

माझे यजमान तिथल्या हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर होते. आम्ही जैन मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांत राहत होतो. पुढे ओटा, ओट्याला लागून बैठकीची खोली, आणि मधे जुन्या लुगड्याचा पडदा लावलेला स्वयंपाकाचा भाग. माझं माहेर किन्हीराजाचं, घरी बऱ्यापैकी शेती. मी सातवी झाले, तेवढ्यात लग्न ठरलं. इंग्रजीची एबीसीडी येत होती. आय, यू, कॅट, रॅट ओळखू यायचं. त्यापुढे नाही.

नर्सबाई मूळच्या रिठदच्या. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धर्म घेतला आणि त्याच साली या पोरीला शाळेत घातलं, असं त्या सांगायच्या. सातवीनंतर त्यांनी दाईचं सरकारी ट्रेनिंग केलं होतं. पण मोठ्या नर्सिंगला जायचं तर मॅट्रिक पाहिजे, आणि मॅट्रिकला इंग्रजी पाहिजे. एके दिवशी मुलीला लस टोचायच्या निमित्ताने त्या घरी आल्या आणि दारातच उभ्या राहून यजमानांना म्हणाल्या,

"सर, बाहेरून मॅट्रिकले बसून राह्यली मी. बाकीचं होऊन जाईन, इंग्रजी अडते. शिकवान का?"

"या न बाई. शाळा सुटली की या. रोज एक तास." ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, "त्यांचे उपकार आहेत आपल्यावर."

मीही मनापासून हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, पहिले पंधरा दिवस मीच बाईंसाठी चहात आलं ठेचून टाकायची.

नर्सबाई दिसायला काही विशेष नव्हत्या. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, काळ्यासावळ्या, हाडकुळ्या. गावोगाव पायी हिंडून चपलेची टाच झिजलेली. रूपाचा हेवा करावा असं तिथे काही नव्हतं. मला सलायला लागलं ते वेगळंच. यजमान त्यांच्याशी बोलत.

हे सांगायला पाहिजे की आमच्या घरात बोलणं फार नव्हतं. ते वाईट नव्हते, हात उचलणारे नव्हते, पगार हातात आणून देत. पण दिवसभरात माझ्या वाट्याला येणारी वाक्यं मोजून पाच-सहा. पाणी दे. पोरगी झोपली का. चष्मा कुठं ठेवला. आणि तोच माणूस ओट्यावर बाईंसमोर बसला की असा बोलायचा, की मी पोळी तव्यावर ठेवून पडद्याशी येऊन ऐकत उभी राहायची.

एका शब्दावर तर आठवडा गेला. मला तो ऐकू यायचा 'हवेवर'. हवेवर असं, हवेवर तसं.

"बट म्हणजे पण," ते सांगत होते. "बट दोन वाक्यांच्या मधात बसते, दोघांना जोडून टाकते. हाउएव्हर तसं करत नाही. पहिलं वाक्य पुरं होऊ देते, पूर्णविराम पडू देते. मग उठते, आपल्यापुढं स्वल्पविराम मागते, अन् मंग सांगते आपलं म्हणणं."

"म्हणजे तथापि?"

"तथापि. मात्र. तरीपण. पुस्तकात लिहायचं तर तथापि, घरी बोलायचं तर तरी बी. यट, स्टिल, नेव्हरदलेस, हे सगळे त्याच्याच भावकीतले. पण एकाच्या जागी दुसरा बसवला तर वाक्याचा तोल जाते."

"मंग सर, हे पाहा न. 'हाउएव्हर रिच ही मे बी'. इथं तं थे तथापि नाई होत. किती बी श्रीमंत असला, असं होते. एकच शब्द दोन कामं काहून करते?"

यजमान थांबले. मग मांडीवर थाप मारून हसले. "वा बाई! माझ्या अकरावीच्या वर्गात एकानंही हे विचारलं नाही. विशेषणाच्या आधी लागून बसला की तो 'कितीही' होते. सुटा उभा राहिला, की 'तथापि'."

ती मांडीवरची थाप मला आत ऐकू आली. पोळी करपली.

त्या संध्याकाळी जेवताना ते आपणहून बोलले. लग्नानंतर असं जेवताना बोलणं विरळाच. "नर्सबाईनं आज काय विचारलं, माहीत आहे?" आणि सगळं पुन्हा सांगितलं. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी धीर करून विचारलं, "पण हे हवेवर हवेवर म्हणजे असते तरी काय?"

त्यांना हसताना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. मी पाण्याचा गडू पुढे केला. ठसका थांबल्यावर मी पुन्हा म्हटलं, "सांगा न."

"तुले काय करायचं त्याचं? भाजी वाढ."

मी भाजी वाढली.  दुसऱ्या दिवशी ते बाईंना सांगताना मी ऐकलं: "आमच्या घरी काय म्हणतात याला, माहीत आहे? हवेवर!" बाई हसल्या नव्हत्या, ते मला फार पुढे कळलं. तेव्हा मात्र मला दोघांचंही हसणं ऐकू आलं, मी शपथेवर सांगितलं असतं.

तिथून मी बिघडले. बाई आल्या की चहा उशिरा ठेवायचा. मुलगी पाळण्यात गाढ झोपलेली असली तर झोक्याची दोरी एकदम सोडून द्यायची, म्हणजे ती दचकून रडेल आणि त्यांना उठावं लागेल. आणि एके दिवशी त्याहून हलकं काम केलं. घरात चिनीमातीचे चार कप होते. बाईही त्यातच चहा प्यायच्या. त्या दिवशी मी त्यांचा चहा काठ चेपलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्यात दिला. माझ्या माहेरी असे पेले गोठ्याशी वेगळे ठेवलेले मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि ते कोणासाठी असतात हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. बाईंनी पेला पाहिला, माझ्याकडे पाहिलं, चहा प्यायल्या. जाताना ओट्यावरच्या बादलीतलं पाणी घेऊन पेला स्वतः विसळला आणि भिंतीशी पालथा ठेवला. यजमानांचं डोकं वहीत होतं. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. वाटलं नाही, पण दुसऱ्या दिवशीही मी पेलाच दिला.

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा बाईंची वही तपासायला म्हणून घरी राहिली. यजमान शाळेत गेल्यावर मी ती उघडली. निळ्या शाईत बाईंचं अक्षर, लाल शाईत यांचं. एका पानावर सगळी लाल शाईची वाक्यं, एकाखाली एक. त्यातल्या पहिल्या ओळीत मला आय ओळखू आला, आणि शेवटी यू. मधलं काही कळेना. खालच्या ओळीतही आय आणि यू.  मास्तर कोणाला लाल शाईने आय आणि यू लिहितो?

मी वही लुगड्यांच्या पिशवीत घातली, मुलीला कडेवर घेतलं, शेजारणीजवळ किल्ली दिली. "माय आजारी आहे म्हणून निरोप आला, किन्हीराजाले चालली, म्हणून सांगा त्याइले." मालेगावला गाडी बदलून दुपारपर्यंत माहेरी पोचले. माय आजारी नव्हती, अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं. "एकटीच आली व? भांडण झालं का?"

"नाई."

माझा धाकटा भाऊ मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा नापास झालेला, मग शेतीला लागलेला. पण वाचता यायचं त्याला. मी त्याला गोठ्यामागे नेलं आणि ते पान पुढे केलं. "हे काय लिहिलं, सांग. जसं आहे तसं सांग."

त्याने बोट ठेवून वाचलं. "हाउएव्हर लेट इट इज, आय शॅल वेट फॉर यू." मग डोकं खाजवलं. "किती बी उशीर झाला, तरी मी तुही वाट पाहीन."

"पुढचं?"

"हाउएव्हर फार यू गो, आय शॅल फॉलो यू. तू किती बी दूर गेली, तरी..." तो थांबला. माझ्या तोंडाकडे पाहून त्याला काहीतरी समजलं असावं. "ताई, हे अक्षर कोणाचं हाय?"

मी म्हटलं, "तुह्या भाऊजीचं."

तो वही घेऊन उठला आणि मला वाटलं हा आता कुऱ्हाड घेऊन शिरपूरला जातो. पण तो घरात गेला, माळ्यावर चढला, आणि धूळ झटकत एक फाटकं पुस्तक घेऊन आला. पानं उलटत उलटत एका जागी बोट ठेवलं. "हे घे. व्याकरणाचं पुस्तक. हेच वाक्य, हेच. पाहा, आकडा बी घातलेला हाय. बारा पैकी बारा जसेच्या तसे उतरवले भाऊजीनं. ताई, याच धड्यात गचकलो होतो मी, मले नाई समजत का?"

तो हसायला लागला. मला हसू आलं नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. रागाला जागाच उरली नाही, म्हणून तो नुसता घोटाळत राहिला. भाऊ मात्र आता रंगात आला होता. कानावरची पेन्सिल काढून त्याने त्या बारा वाक्यांखाली मराठी अर्थ लिहायला घेतले, आणि मग पान उलटलं. "हे निळं कोणाचं?"

"नर्सबाईचं. त्यांनी आपल्या मनानं केलेले वाक्य असतीन."

तो अडखळत वाचू लागला. "माय हजबंड डिड नॉट टेक मी बॅक. हाउएव्हर, आय ॲम नॉट अ बर्डन ऑन एनीबडी. माह्या नवऱ्यानं मले परत नेलं नाई. तथापि, मी कोणावर भार नाई." मला हे माहीत नव्हतं. वर्षभर त्या बाईला मी पाहत होते, आणि त्यांना नवरा होता हेही माहीत नव्हतं. "द चाइल्ड डिड नॉट क्राय. हाउएव्हर, आय डिड नॉट स्टॉप. पोरगं रडलं नाई. तरी बी मी थांबली नाई." भाऊ एक ओळ खाली सरकला. "द मदर वॉज व्हेरी वीक. हाउएव्हर, शी आस्क्ड फॉर हर चाइल्ड फर्स्ट. माय लय अशक्त होती. तथापि, तिनं आधी आपलं लेकरू मांगलं."

मी मुलीला छातीशी घेऊन बसले होते. मी तिला मागितल्याचं मला आठवत नव्हतं. त्या दिवसातलं मला काहीच नीट आठवत नव्हतं, आणि ते असं दुसऱ्या कोणाच्या वहीत, मला न येणाऱ्या भाषेत लिहून ठेवलेलं होतं. त्या वाक्याशेजारी लाल शाईत एक छोटा शब्द होता. तो मला वाचता आला. गुड.

इथे एखाद्या भल्या बाईचं मन पाघळलं असतं. माझंही थोडं पाघळलं, पण त्या 'गुड'वर येऊन अडलं. दीड दिवस कळा मी सोसल्या, मूल माझं, आणि शाबासकी त्यांच्या वाक्याला. यजमानांनी मला त्या दिवशी काय म्हटलं होतं? "मुलगी आहे. बरं." एवढंच.

भाऊ म्हणाला, "ताई, परीक्षा जवळ आली असंन त्याइची. वही पाठवून दे. उद्या मालेगावले चाललो मी, कंडक्टरजवळ देतो."

"मीच घेऊन जाईन," मी म्हटलं.

आणि नेली नाही. अकरा दिवस माहेरी राहिले. वही माझ्या उशाशी होती. यजमानांचं कार्ड आलं: सासूबाईंची प्रकृती कशी आहे, नर्सबाईंची वही सापडत नाही, घरात कुठे पाहिली होती का. कार्डात मुलीची चौकशी एका ओळीत होती आणि वहीची तीन ओळींत. मी ओळी मोजल्या, म्हणून सांगते. उत्तर पाठवलं नाही.

बाराव्या दिवशी मायनेच मला गाडीत बसवलं. घरी आले तर यजमानांनी कपाट उपसून खोलीभर कागद पसरले होते, दाढी वाढलेली. "आई बरी आहे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता, "बाईची वही मी हरवली. चार महिन्यांची मेहनत होती त्यात. शाळेतही पाहिलं. काय तोंड दाखवू?"

मी आत गेले, पाळण्यातली गोधडी हलवल्यासारखं केलं, आणि वही बाहेर आणली. "ही काय. गोधडीच्या घडीत होती."

त्यांनी विश्वास ठेवला. माणूस असा, की व्याकरणाची चूक सोडून दुसरी कुठली चूक त्यांना दिसायची नाही.

संध्याकाळी बाई आल्या. वही हातात घेतली, पानं चाळली, आणि त्या लाल वाक्यांच्या पानावर थांबल्या.  भावाने पेन्सिलीने लिहिलेले अर्थ खोडायचे राहूनच गेले होते. बारा ओळी, एकाखाली एक, वऱ्हाडीत.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

बाईंनी पान मिटलं. "कायी नाई सर. मीच कोणाकून तरी अर्थ लिहून घेतले होते, इसरून गेली. बरं झालं, पाठ करायले सोपं जाईन."

यजमान हात-पाय धुवायला मागे गेले तेव्हा बाई पडद्याशी आल्या. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदा तिथपर्यंत आल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, वाचायचं होतं तं मले मांगायचं न. मी काय नाई म्हटलं असतं?"

मला रडू फुटलं. लाजेचं कमी, रागाचं जास्त. "तुमच्यासंगं बोलते तसा हा माणूस माह्यासंगं एक दिवस नाई बोलला. मी इचारलं तं मले म्हणते, भाजी वाढ. तुमाले गुड लिहून देते!"

 मला वाटलं आता समजावतील, तसलं काही नाही वहिनी म्हणतील. त्यांनी सरळ विचारलं, "मंग तुमी काहून नाई बसत ओट्यावर? पोरीले मी घेईन मांडीवर. एकीले शिकवलं काय अन् दोघीले काय." आणि निघताना वळून म्हणाल्या, "अन् चहा कपातच देत जा. पेल्याचा काठ ओठाले लागते."

त्या दिवशी मी चार कपांतला एक काढला. 

परीक्षेला पंधरा दिवस होते. बाई बसल्या, बाकी सगळ्या विषयांत पास झाल्या, इंग्रजीत चार मार्कांनी राहिल्या. निकाल घेऊन यजमान शाळेतून आले आणि मी दारातच ऐकला. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. तो लपवायला मी आत वळले. दुसऱ्या क्षणी ते अकरा दिवस आठवले, उशाशी ठेवलेली वही आठवली, आणि चार मार्क त्या अकरा दिवसांत आले असते की नाही हा हिशोब मी आजपर्यंत मांडते आहे.

ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी बाई पुन्हा येऊ लागल्या आणि मी पदर खोचून ओट्यावर बसले. यजमानांनी भुवया उंचावल्या. बाई म्हणाल्या, "सर, वहिनीले बी शिकवा. मले जोडीदारीण पायजे." नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. ते बाईंना धीराने शिकवत आणि माझ्यावर खेकसत. "किती वेळा सांगितलं, बटच्या जागी हाउएव्हर घुसवायचं नाही!" बाई मुलीला पायांवर झोके देत मान खाली घालून हसू दाबायच्या आणि मग यांची पाठ वळली की मला हळूच सांगायच्या, "वहिनी, आधी पूर्णविराम देजा. मंग नाई चुकत." मी बाईंकडूनच जास्त शिकले. तरी त्यांचं वाक्य बरोबर आलं आणि यजमान खुलले की माझा जळफळाट व्हायचाच. शेजारी बसल्याने तो कमी झाला नाही. फक्त आता मला सगळं समजत होतं.

ऑक्टोबरात बाई पास झाल्या. नर्सिंगच्या मोठ्या ट्रेनिंगला अकोल्याला त्यांचा नंबर लागला. जाण्याच्या आदल्या दिवशी घरी आल्या, मुलीला झबलं आणलं, दुसऱ्या दिवशी दोनच्या गाडीने निघते म्हणाल्या. यजमान तेव्हा शाळेत होते. आल्यावर त्यांनी विचारलं, "बाई कितीच्या गाडीनं जाणार?"

"चारच्या," मी म्हटलं.

का म्हटलं, हे आधीपासून ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि मग मी ते परत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मुलीला कडेवर घेऊन मी एकटीच स्टँडवर गेले. बाईंजवळ एक पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. गाडी लागली तरी त्या चढेनात. शाळेकडच्या रस्त्याकडे बघत होत्या. "सर नाई आले?"

"शाळेत तपासणी आहे," मी सांगितलं.

कंडक्टरने घंटी मारली. बाईंनी माझ्या मुलीचं डोकं हुंगलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, तुमी परीक्षेले बसा. सोडू नका." आणि चढल्या. गाडी वळेपर्यंत खिडकीतून त्यांचा हात हलत होता, आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की गाडी लवकर दिसेनाशी व्हावी.

साडेतीनला यजमान तास सोडून सायकलवर स्टँडवर गेले. परत आले आणि सायकल ओट्याला टेकवताना म्हणाले, "गाडी दोनची होती म्हणतात."

"मले चारच सांगितली होती," मी म्हटलं. 

दोन वर्षांनी मी बाहेरून मॅट्रिक झाले. इंग्रजीत बावन्न मार्क. बाईंना कार्ड टाकलं, त्यांचं उत्तर आलं, पुढे त्यांच्या बदल्या होत गेल्या आणि पत्रं थांबली. गाडीची गोष्ट मी यजमानांना सांगितली ती ते निवृत्त झाल्यावर, दुपारी चहा पिताना. वाटलं, आता म्हातारपणी काय फरक पडतो. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला तिला एवढंच सांगायचं होतं, की शिकवताना माझाच फायदा जास्त झाला."

माझे केस पिकलेले, गुडघे दुखणारे, नातवंडं अंगणात खेळत होती. तरी ते 'तिला' ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून आत गेले.